तीन वाजताची गोळी

"शेवटची दाढी कधी केली होती?" डॉक्टर मॅडमनी विचारलं.

मी मांडीवर फाइल उघडून तयारीत बसले होते. सीटी स्कॅन, डिस्चार्ज कार्ड, रक्ताचे सगळे रिपोर्ट, तारखेवार लावलेले. दाढीचा कागद काही माझ्याकडं नव्हता.

"दहा-अकरा दिवस झाले असतील," माझे पती मिलिंद म्हणाले. मी त्यांना घरात नावानं हाक मारत नाही, म्हणून इथंही 'हे' असंच लिहिणार आहे.

मॅडम खुर्चीवरून उठल्या आणि यांच्या गालावरून बोटं फिरवली. गाल अगदी गुळगुळीत. घरातलं ब्लेडचं पाकीट कित्येक महिने संपत नव्हतं हे मला माहीत होतं. त्याचा काही अर्थ असेल असं डोक्यात आलं नव्हतं. मग मॅडमनी नवरा-बायकोतल्या संबंधांबद्दल विचारलं. ताप कधीपासून आहे असं विचारावं, इतकं सरळ. यांनी खाली बघितलं. उत्तर मीच दिलं, कारण आता लपवून काय मिळणार होतं?

"यांची पिट्युइटरी ग्रंथी नीट काम करत नाहीये," मॅडम म्हणाल्या. "डोक्याला जोरात मार लागल्यावर असं होऊ शकतं. रक्ताच्या तपासण्या करून खात्री करू. पण यावर औषध आहे."

"आहे ना?" मी विचारलं. परत एकदा विचारलं, "आहे ना, मॅडम?"

मी डोंगरकडा गावची. गावात आशा कार्यकर्ती म्हणून काम करते. गरोदर बायांची नोंद, लेकरांच्या लसी, कुणाला चक्कर आली तर बीपी बघणं, हे माझं रोजचं काम. लोकांच्या घरी जाऊन मी सांगते की दुखणं अंगावर काढू नका. माझ्या स्वतःच्या घरात मात्र एक दुखणं नऊ महिने जेवायला बसत होतं आणि मला ते ओळखू आलं नाही. ज्यांच्या घरात कुणाला डोक्याचा मार लागला आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. माझ्यासारखी चूक त्यांनी करू नये.

यांचं रस्त्यावर मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीतली, बोअरमधली मोटार जळाली की शेतकरी ती यांच्याकडं आणतो आणि हे तिच्यात नवी तांब्याची तार भरतात. सिद्धेश्वर धरणाकडच्या मोटारीसुद्धा यांच्याकडं येतात. तार भरताना वेढे मोजावे लागतात, एक चुकला तरी मोटार टिकत नाही. त्या वेळी कुणी मधे बोललं तर हे असे खेकसायचे की गिऱ्हाईक चपला घालून दोन पावलं मागं सरकायचं. एरवी माणूस बडबड्या. दुकानात चहा प्यायला लोक मोटार नसतानाही यायचे.

बुद्ध पौर्णिमेच्या आदल्या दिवशी विहाराला माळा लावताना हे शिडीवरून पडले. डोक्याची मागची बाजू पायरीवर आपटली. कानातून रक्त आलं. तिथून थेट नांदेड. आठ दिवस आयसीयू. स्कॅनमध्ये कवटीच्या तळाला बारीक तडा आणि थोडा रक्तस्राव दिसला. ऑपरेशनची गरज पडली नाही. त्या आठ दिवसांत काचेबाहेरच्या बाकड्यावर बसून मी आणि माझ्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई, एकमेकींशी दहा वाक्यं सुद्धा बोललो नसू. नवव्या दिवशी यांनी डोळे उघडून विचारलं, "माळा लागल्या का?" आत्याबाई तिथंच फरशीवर बसल्या आणि रडल्या.

घरी आल्यावर पंधरा दिवस यांना भयंकर तहान. तांब्यामागून तांब्या पाणी, आणि तितक्याच वेळा लघवी. मी शुगर तपासली, ती बरोबर निघाली. मग तहान आपोआप थांबली आणि मी ती विसरून गेले. पुढं मॅडमनी सांगितलं की ती पहिली खूण होती. पिट्युइटरीच शरीरातलं पाणी धरून ठेवायचा हुकूम देते. तिला धक्का बसला की काही दिवस पाणी नुसतं वाहून जातं.

जखम भरली. पण माणूस काही भरून येईना.

हे सकाळी उठायचे, चहा प्यायचे आणि परत आडवे व्हायचे. दुकान उघडायचं आणि बाकड्यावर झोपायचं. उभं राहताना डोळ्यांपुढं अंधारी. जेवणावरची वासना गेली. दिवाळीच्या आतच स्वेटर निघालं आणि भर उन्हात सुद्धा अंगावरून उतरेना. एकदा मी दुकानात डबा घेऊन गेले तर एकच गुंडाळी तिसऱ्यांदा उलगडून ठेवलेली. "आकडे सुटून राहिलेत माझे," हे म्हणाले. खेकसले नाहीत, चिडले नाहीत. ते मला जास्त लागलं.

गावानं आपापलं निदान केलं. मार लागलाय, वेळ लागणारच. मनावर घेतलंय त्यानं. कुणी म्हणालं आळस शिरला अंगात. मी आधी ऐकून घ्यायची, मग मलाही तसंच वाटायला लागलं. एका सकाळी मी यांच्या अंगावरची चादर ओढली आणि म्हणाले, "आता नाटकं बास करा." आत्याबाई दारात उभ्या होत्या. "काहून ओरडून राहिली गं त्याला?" त्या म्हणाल्या. हे उठले, शर्ट घातला, दुकानाला गेले. ते वाक्य मी आजही परत घ्यायला तयार आहे, पण बोललेलं परत कसं घेणार?

आणखी एक गोष्ट सांगते, कारण आपल्याकडं ती कुणी सांगत नाही. हे माझ्याजवळ यायचे थांबले. मला वाटलं मीच नकोशी झाले. आरशात बघून मी स्वतःलाच दोष दिला. ज्या बाईच्या घरी असं झालं असेल तिनं लाजू नये, डॉक्टरला सांगावं. ते सुद्धा आजाराचं लक्षण असू शकतं.

दवाखाने काही कमी केले नाहीत. एका डॉक्टरांनी सलाइन लावलं. दोन दिवस हे छान हिंडले-फिरले, मग परत तेच. दुसऱ्यांनी थायरॉइड तपासलं. टीएसएच नॉर्मल आलं, म्हणून थायरॉइड नाही असं ठरलं. तिसऱ्यांनी उदासीची गोळी दिली. कुणाला नावं ठेवावीत असं मला वाटत नाही. प्रत्येकानं समोर दिसलं त्यावर औषध दिलं. पण शिडीवरून पडण्याची गोष्ट आम्हीच कुणाला नीट सांगितली नव्हती. ती संपली असं आम्ही धरून चाललो होतो.

फेब्रुवारीत हे दुकानात बसल्या बसल्या कलंडले. हाका मारल्या तर डोळे उघडायचे आणि परत मिटायचे. नांदेडला नेलं तर रक्तातलं सोडियम, म्हणजे मिठाचा अंश, फार खाली गेलेलं. तीन दिवसांत ते वर आलं. तिथल्या डॉक्टरांनी एक चांगलं काम केलं. "सोडियम वाढवलं, पण ते कमी का झालं?" असं ते स्वतःशीच म्हणाले आणि आम्हाला खालच्या मजल्यावर एंडोक्रायनोलॉजिस्टकडं, म्हणजे हॉर्मोनच्या डॉक्टरकडं पाठवलं. त्याच या दाढीचं विचारणाऱ्या मॅडम.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला रक्त घेतलं. कॉर्टिसोल नावाचं हॉर्मोन सकाळी सगळ्यात जास्त असतं, म्हणून वेळ पाळावी लागते. मग एमआरआय. त्या मशीनच्या खोलीबाहेर एक आजोबा आपल्या नातवाला सांगत होते की आत फोटो काढतात, भ्यायचं नाही. मीही ते आपल्यासाठीच आहे असं समजून ऐकलं.

रिपोर्ट आल्यावर मॅडमनी कागदावर चित्र काढलं. मेंदूच्या तळाशी, नाकाच्या मागं, हरभऱ्याएवढी ग्रंथी. ती स्वतः फार काही करत नाही, बाकीच्या ग्रंथींना हुकूम सोडते. किडनीवरच्या ग्रंथींना सांगते कॉर्टिसोल बनवा. ताप, जखम, धावपळ, कसलाही ताण सोसायला ते लागतं. थायरॉइडला सांगते, अंडाशयांना किंवा वृषणांना सांगते. यांच्या ग्रंथीचा रक्तपुरवठा त्या पडण्यात दुखावला होता. एमआरआयमध्ये ती चपटी दिसत होती. कॉर्टिसोल फार कमी, थायरॉइडचं हॉर्मोन कमी, टेस्टोस्टेरॉन म्हणजे पुरुषाचं हॉर्मोन जवळजवळ नाहीच.

"पण टीएसएच नॉर्मल होतं," मी म्हणाले.

"टीएसएच म्हणजे पिट्युइटरीनं थायरॉइडला पाठवलेला हुकूम," मॅडम म्हणाल्या. "हुकूम सोडणारीच आजारी असेल तर नुसत्या हुकुमावर विश्वास ठेवून चालत नाही. सोबत फ्री टी-फोर बघायचं असतं. ते यांचं कमी आहे."

हे एवढा वेळ चित्राकडं बघत होते. मग म्हणाले, "म्हंजे मोटार जळाली न्हाई, मॅडम. स्टार्टर गेला."

मॅडम हसल्या. मलाही हसू आलं आणि त्याच वेळी डोळ्यांत पाणी आलं. नऊ महिन्यांत हे पहिल्यांदा काहीतरी बोलल्यासारखं बोलले होते.

आधी हायड्रोकॉर्टिझोनच्या गोळ्या सुरू झाल्या, म्हणजे कॉर्टिसोल बाहेरून द्यायचं. सकाळी उठल्याबरोबर एक, दुपारी तीनला अर्धी. थायरॉइडची गोळी मॅडमनी काही दिवस मुद्दाम थांबवली. कॉर्टिसोल भरून निघायच्या आधी थायरॉइड दिलं तर माणूस कोसळू शकतो, असं त्यांनी सांगितलं. टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं त्यानंतर. काही हॉर्मोनं पुढं आपोआप परत येऊ शकतात, काही येत नाहीत, दर काही महिन्यांनी तपासत राहायचं.

मग त्यांनी काही नियम माझ्याकडून पाठ करून घेतले. ताप आला, दुखापत झाली तर हायड्रोकॉर्टिझोन दुप्पट करायचं. उलट्या होऊन गोळी पोटात टिकत नसेल तर त्याचंच इंजेक्शन द्यायचं आणि दवाखाना गाठायचा. इंजेक्शनची कुपी घरात ठेवायची. गोळी एक दिवस सुद्धा बंद करायची नाही, कुणीही सांगितलं तरी.

तिसऱ्या दिवशी यांनी ठेचा मागितला. "भाकर आन् ठेचा कर, मिळमिळीत खाऊन जीव विटला." मी मिरच्या भाजल्या, सगळं घर खोकलं. आत्याबाई खोकत खोकत म्हणाल्या, "खोकू दे गं, खोकू दे."

उन्हाळा बरा गेला. स्वेटर पेटीत गेलं. दुकान रोज उघडू लागलं, पण वाइंडिंग अजून जमत नव्हतं. हे बेअरिंग बदलायचे, वायरी जोडायचे, मोजायचं काम बाजूला ठेवायचे. आजारी माणूस वाचतो हे मला कळलं होतं. पण माझ्याशी भांडणारा, गिऱ्हाइकाला हाकलणारा तो माणूस परत येईल का, हे कुणी सांगत नव्हतं. मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, "वेळ द्या."

आणि आषाढी पौर्णिमेला आमची चूक झाली.

त्या दिवसापासून वर्षावास, म्हणजे भिक्खूंचा पावसाळ्यातला एका जागचा मुक्काम, सुरू होतो. विहारात पांढरे कपडे घालून बरेच जण अष्टशील, म्हणजे दिवसभर पाळायचे आठ नियम, घेतात. त्यात एक शील असं की दुपारी बारानंतर जेवायचं नाही. यांचा जीव वाचला म्हणून आत्याबाईंनी संकल्प केला होता, की माय-लेकरं दोघंही या वेळी अष्टशील पाळतील. मला काही अडचण वाटली नाही. माझं उपकेंद्रात लसीकरण होतं, मी सकाळीच गेले.

यांना आदल्या दिवसापासून ताप होता. मला सांगितलं नाही, कारण मी विहारात जाऊ दिलं नसतं. म्हणजे दुप्पट डोस राहून गेला. दुपारी तीनला फोनचा गजर वाजला. तीनची गोळी हे रोज चहा-बिस्किटासोबत घेत, औषधाच्या पाकिटावरही 'खाल्ल्यानंतर' असं लिहिलेलं. आता खायचं तर नाही. यांनी आत्याबाईंकडं बघितलं. "दुपारून खायचं न्हाई म्हंजे न्हाई," त्या म्हणाल्या. "एक अर्ध्या गोळीनं काय हून राहिलं? उद्या घे." यांनी गजर बंद केला.

पाचच्या सुमाराला मी परत येत होते, तर विहाराच्या पायरीवर हे बसलेले. पांढरा शर्ट घामानं भिजलेला, दोनदा उलटी झालेली. हात बर्फासारखे. मी पिशवीतून बीपीचं मशीन काढलं. वरचा आकडा ऐंशी.

"गोळी घेतली?" मी विचारलं.

आत्याबाईंनी तोंडावर पदर धरला.

त्या क्षणी मला राग आला नाही, नंतर आला. मी घरी पळाले, फ्रिजवरच्या डब्यातून कुपी आणि मॅडमनी लिहून दिलेलं कार्ड घेतलं. उपकेंद्राच्या सिस्टर अजून निघाल्या नव्हत्या, त्यांना सोबत घेऊन विहारात आले. त्यांनी कार्ड वाचलं, एक प्रश्न विचारला नाही, तिथंच पायरीवर मांडीत इंजेक्शन दिलं. मग कळमनुरीच्या दवाखान्यात, सलाइन. दोन तासांनी यांनी पाणी मागितलं आणि ते पोटात टिकलं. तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. त्या सिस्टरांचे उपकार मी विसरणार नाही.

दुसऱ्या दिवशी आत्याबाई एकट्याच विहारातल्या भन्तेजींकडं, म्हणजे भिक्खूंकडं, गेल्या. काय झालं ते त्यांनीच मला येऊन सांगितलं, एक शब्द न लपवता. भन्तेजी म्हणाले होते, "औषध म्हणजे जेवण नव्हे. आजारी भिक्खूसुद्धा दुपारनंतर औषध घेतो. पाण्यासोबत घ्यायची होती. मला विचारायला काय झालं होतं?"

"मी इचारलंच न्हाई गं," आत्याबाई म्हणाल्या. "मला वाटलं, मला सगळं कळतं."

मी म्हणाले, "आत्याबाई, मलाबी तसंच वाटत होतं." आणि चादर ओढल्याची त्यांना आठवण करून दिली. त्यांच्या लक्षात होतं. त्या दिवशी आम्ही दोघी ओट्यावर बराच वेळ बसलो. आयसीयूच्या बाकड्यावर जे बोललो नव्हतो ते सगळं बोललो.

तेव्हापासून तीनची गोळी आत्याबाईंच्या ताब्यात आहे. मोबाइलच्या गजराआधी त्यांचा आवाज येतो. आश्विन पौर्णिमेला, वर्षावास संपताना, विहार भरलेला होता आणि भन्तेजी बोलत होते. बरोबर तीनला पहिल्या रांगेतून आत्याबाई उठल्या, पांढऱ्या लुगड्यात, हातात पेला, आणि पुरुषांच्या बाजूला जाऊन म्हणाल्या, "घे रं." सगळा विहार बघत होता. भन्तेजी बोलायचे थांबले, यांनी घोट घेतल्यावर पुढं सुरू झाले.

मी आता गावात काम करते ते थोडं वेगळं करते. कुणी गाडीवरून पडलेला, भिंतीवरून पडलेला घरी असला, तर टाके बघून मी उठत नाही. झोप किती, थंडी वाजते का, भूक आहे का, बाईची पाळी येते का, पुरुषाला दाढी येते का, सगळं विचारते. लोक हसतात. हसू द्या. पण थकवा महिने-महिने जात नसेल तर हॉर्मोनच्या डॉक्टरला एकदा दाखवा, आणि डोक्याला मार लागला होता हे आधी सांगा. प्रत्येकाला असं होत नाही. ज्याला होतं त्याचं औषध मिळतं, हे मी डोळ्यांनी बघितलं आहे. गोळ्या कदाचित जन्मभर लागतील. लागू द्या. दिवस पुरेसा मोठा असतो, त्यात दोन वेळा गोळी बसते.

ब्लेडचं पाकीट मागच्या महिन्यात संपलं. "आणून ठेवता येत न्हाई का?" हे म्हणाले.

कालची गोष्ट. कालव्याला पाणी सुटलंय, दुकानात मोटारी रांगेनं पडल्यात. आत्याबाई कळमनुरीच्या बाजारात गेल्या होत्या, म्हणून तीनला मी गोळी आणि तांब्या घेऊन दुकानात गेले. हे पाठमोरे बसले होते. मांडीपुढं उघडी मोटार, बोटांतून लाल तार सरकत होती.

"अहो, तीन वाजले," मी म्हणाले.

"आगं मोजून राहिलो ना मी! काहून मधी बोलतीस? दिसत न्हाई का तुला?"

चहा प्यायला बसलेली दोन माणसं दचकून उठली. मी तांब्या धरून दारातच उभी राहिले. हसू आवरायला पदर तोंडात धरला.

एकेचाळीस, बेचाळीस, त्रेचाळीस. हे पुटपुटत होते, एकही आकडा न सोडता. अठ्ठेचाळीसला तार तोडली, गाठ मारली, आणि मागं न बघता हात पुढं केला.

"आण आता."